डेकोरा (आयोवा, अमेरिका) : तीन आठवडे एकाच लहान गावात राहावं का?

वाळपईवाला

नमस्कार मंडळी. आमची मुलगी गेल्या ऑगस्टपासून अमेरिकेत आयोवा राज्यात डेकोरा नावाच्या गावातल्या कॉलेजात शिकवते, आणि आता मे महिन्याच्या शेवटी मी आणि बायको तिच्याकडे तीन आठवडे जातोय, व्हिसा झाला, तिकिटं झाली, गोव्यातल्या मोपा विमानतळावरून निघायचं. देशाबाहेर पहिल्यांदाच. अडचण अशी की ज्याला सांगतो तो म्हणतो आयोवात काय आहे, मक्याची शेतं, एवढे पैसे घालताय तर आठ-दहा दिवस काढून न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा करून या. एका पाहुण्याने तर टूरवाल्याचा नंबरसुद्धा पाठवला. मुलगी म्हणते बाबा तुम्ही इथेच राहा, मी फिरवते, पण तिला उन्हाळ्यातही थोडं काम असतं, म्हणजे रोज दिवसभर ती आमच्यासोबत नसणार.

गाव साडेसात हजार वस्तीचं, म्हणजे आमच्या वाळपईपेक्षाही कमी. मी कुळागरवाला माणूस, सुपारी, मिरी, केळी आणि थोडं भात, मला उंच इमारती बघायची हौस नाही, पण बायकोचं म्हणणं एकदाच जाणार तर बघून घ्यावं आणि तिचं चुकतंय असं मला वाटत नाही. दोघांनाही तिथे गाडी चालवायची नाही, माझा एक गुडघा दुखरा आहे. तर तिथे तीन आठवडे राहण्यासारखं खरंच काही आहे का, चालत काय बघता येईल, जेवणाचं काय आणि इथून काय न्यावं? उकडे तांदूळ, घरची मिरी, सोलां (आमसुलं) न्यायचा विचार आहे आणि लेकीने पोरसातली बियाणी मागितलीत, आळसांदे (चवळीसारखं कडधान्य) आणि भेंडे, तिने घरामागे वाफा केलाय. त्या बाजूला कोणी राहिलंय का?

फोंड्याचा दादा

मी सहा वर्षं ला क्रॉसला होतो, विस्कॉन्सिनात, मिसिसिपीच्या पलीकडच्या काठावर, डेकोरा तिथून सव्वा तासाच्या आसपास, त्यामुळे त्या भागात खूप फिरलोय. आधी सामानाचं सांगतो कारण ते महत्त्वाचं. उकडे तांदूळ बॅगेत घालू नका. खापरा भुंगेरा म्हणून धान्यातला किडा आहे, तो आपल्याकडे आहे, त्यामुळे भारतातून प्रवाशाच्या सामानात तांदूळ न्यायला तिथे बंदी आहे, सीलबंद पाकीट असलं तरी. आंबे किंवा ताजी फळं, भाजी अजिबात नको. सुकी मिरी, मसाले, सोलां असल्याचं तिथे उतरल्यावर कस्टमला आधीच सांगा आणि अधिकाऱ्याने विचारलं तर स्वतः दाखवा, सांगितलं असलं तर जास्तीत जास्त काढून घेतात, लपवलं आणि सापडलं तर दंड. बियाण्यांबद्दल इथे कोणी शेतकीतला माणूस असेल तर तो नीट सांगेल.

आता गाव. आयोवा म्हणजे सपाट आणि मका, हे राज्याच्या बऱ्याच भागाला लागू आहे पण तुमची लेक राहते त्या ईशान्य कोपऱ्याला नाही. त्या पट्ट्याला ड्रिफ्टलेस म्हणतात. शेवटच्या हिमयुगात बर्फाचे थर आजूबाजूची जमीन घासून सपाट करून गेले आणि हा तुकडा त्यातून सुटला, म्हणून तिथे चुनखडीचे कडे, खोल दऱ्या, गुहा आणि जागोजागी झरी आहेत. तुमच्यासारख्या सत्तरी तालुक्यातल्या माणसाला झाडं परकी वाटतील, ओक, मेपल, काळा अक्रोड, पण डोंगराच्या पायथ्याशी पाणी बाहेर येतं आणि त्याचा व्हाळ होऊन नदीला मिळतो हे बघितल्यावर तुम्हाला ओळखीचं वाटेल. गावातूनच अप्पर आयोवा नदी जाते. डनिंग्स स्प्रिंग म्हणून झर आहे, पार्किंगपासून थोडंसं चाललं की धबधबा, चरावणे आणि दूधसागर बघितलेल्याला तो लहानच वाटणार हे कबूल, पण पाणी थेट खडकाच्या पोटातून येतं आणि ऐन उन्हाळ्यात बर्फासारखं गार असतं, तिथे अर्धा दिवस बसून काढता येतो.

आणि बर्फाची गुहा चुकवू नका, तुमच्या तारखा अगदी बरोबर पडल्यात. डेकोरा आइस केव्ह. हिवाळ्यात बाहेरची कडक थंड हवा गुहेत शिरते आणि आतला खडक पार थंड करून ठेवते, मग वसंतात वरचं बर्फ वितळून ते पाणी भेगांतून आत झिरपतं आणि त्या थंड खडकावर गोठतं, म्हणजे बाहेर सगळं विरघळत असताना आत बर्फ वाढत असतो. मे-जूनमध्ये सगळ्यात जास्त, मग उन्हाळा संपेपर्यंत हळूहळू जातो. बाहेर अंगाला घाम आणि दहा पावलं आत भिंतीवर बर्फ. आत ओलं आणि निसरडं असतं, गुडघ्याला जपून, तोंडाशी उभं राहिलात तरी गार हवेचा झोत लागतो.

चालण्यासाठी ट्राउट रन ट्रेल आहे, गावाला वळसा घालणारी ११ मैलांची म्हणजे जवळजवळ १८ किलोमीटरची डांबरी वाट, चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची, सगळी करायची गरज नाही. लेकीला सांगा सकाळी मासे वाढवायच्या सरकारी केंद्रापाशी सोडायला, तिथे ट्राउटची पिल्लं वाढवून आसपासच्या व्हाळांत सोडतात. डेकोराच्या गरुडांच्या घरट्यावर लावलेल्या कॅमेऱ्यामुळे हे गाव जगभर माहीत झालं. पांढऱ्या डोक्याचा गरुड हा त्यांचा राष्ट्रीय पक्षी, तुम्हाला नदीवर तो दिसेलच, आपल्याकडे घार दिसते तसा.

एक दिवस मात्र पूर्ण काढा आणि पूर्वेला मिसिसिपीवर जा, तास-सव्वातास. एफिजी माउंड्स नॅशनल मॉन्युमेंट, १९४९ मध्ये राष्ट्रीय स्मारक केलं, तिकीट नाही. तिथल्या मूळ लोकांनी हजारभर वर्षांपूर्वी डोंगरमाथ्यावर मातीचे उंचवटे रचलेत, दोनशेच्या वर आहेत आणि त्यातले कित्येक अस्वलाच्या आणि पक्ष्याच्या आकाराचे. उसगाळीमळला कुशावतीच्या काठावर जांभ्या दगडात कोरलेली जनावरं बघून जे वाटतं तेच मला तिथे वाटलं, कोणी केलं, कशासाठी केलं, आणि पावसापाण्यात इतकी वर्षं कसं टिकलं. तिथली जमीन आजही त्यांच्या वंशजांना पवित्र आहे, उंचवट्यांवर पाय देऊ नये. वर जायची चढण बरीच आहे पण खाली केंद्राजवळही काही उंचवटे दिसतात. तिथूनच पुढे पाइक्स पीक स्टेट पार्क, कड्यावरून विस्कॉन्सिन नदी मिसिसिपीला मिळताना दिसते, १६७३ साली फ्रेंच मंडळी होड्या घेऊन त्याच संगमातून मिसिसिपीत शिरली. तिथे गाडीतून उतरलं की लगेच कठडा आहे, चालायला नको.

गाडी नसेल तर मात्र कठीण, तिथे आपल्या कदंबासारखी सरकारी बस नाही, रेल्वे नाही. तेव्हा लांबचं सगळं लेकीच्या मोकळ्या दिवसांवर ठेवा आणि गावातलं तुम्ही दोघं पायी करा.

माशेलची ताई

वाळपईवाले भाऊ, माझी धाकटी बहीण तिथून अर्ध्या तासावर राहायची, मी तिच्या बाळंतपणाला दोन महिने होते. तुमच्या बायकोसाठी लिहिते. पहिले चार दिवस मला फार शांत वाटलं, रस्त्यावर माणूस दिसेना आणि मनात आलं दोन महिने कसे जायचे, हे त्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाहीत. मग एकदा शनिवारच्या शेतकरी बाजारात गेले आणि सगळं बदललं, लोक थांबून विचारतात तुम्ही कुठून आलात, गोवा कुठे, तिथे काय पिकतं. एका आजीने मला रूबार्ब, म्हणजे आंबट देठांची एक भाजी, घरी कसं शिजवतात ते उभं राहून सांगितलं आणि मी तिला आपलं मिश्र भाज्यांचं खतखतं सांगितलं.

गाव नॉर्वेहून आलेल्या लोकांनी वाढवलेलं आहे, तुमच्या लेकीचं कॉलेज लूथर असेल तर तेही त्यांनीच १८६१ मध्ये काढलं. वॉटर स्ट्रीटवर वेस्टरहाइम म्हणून त्यांचं म्युझियम आहे, सुरुवात १८७७ सालची, ते दोन दिवस बघा, एका दिवसात उरकू नका. आत अख्खी लाकडी घरं आणून ठेवलीत, आणि लोक देश सोडताना ज्या पेट्या घेऊन निघाले त्या पेट्या, वर नाव आणि साल रंगवलेलं. मला तिथे रडू आलं कारण आमच्या घरीसुद्धा आजोबा आफ्रिकेत गेले होते तेव्हाची पत्र्याची ट्रंक आहे. भिंतींवर, ताटांवर, पेट्यांवर वेलबुट्टी रंगवायची त्यांची पद्धत आहे, रोझमालिंग म्हणतात, आपल्या देवळांच्या भिंतीवर तांबड्या मातीची कावी नक्षी करतात ना, तशी घराघरातली कला, फक्त रंग पुष्कळ. ती अजून शिकवतात तिथे. बाहेरून आलेल्या लोकांनी आपलं भाषा-पदार्थ-देवधर्म किती पिढ्या कसं सांभाळलं हे बघायला मिळतं, आणि ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांनी ते बघावंच.

जेवण म्हणाल तर गावात सहकारी किराणा दुकान आहे, ओनिओटा को-ऑप, तिथे डाळी, तांदूळ सुटे मिळतात. मासे मात्र आपल्यासारखे नाहीत, गोड्या पाण्यातला ट्राउट मिळतो, हळद-मीठ-तिरफळ लावून भाजला तर फार छान लागतो, तिरफळं सुकी घेऊन जा. लेफसे म्हणून त्यांची बटाट्याची पातळ चपाती असते, गुंडाळून लोणी-साखर घालून खातात, तुम्ही त्यात सुकी भाजी घालून बघा.

अजून एक, स्पिलव्हिल. डेकोरापासून वीसेक मिनिटांवर झेक लोकांचं अगदी चिमुकलं गाव. १८९३ च्या उन्हाळ्यात द्वोर्झाक हा मोठा झेक संगीतकार न्यूयॉर्कची नोकरी असताना बायको-मुलांना घेऊन तिथे येऊन राहिला, कारण तिथे त्याला आपल्या भाषेत बोलायला माणसं मिळाली, रोज सकाळी गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि थोड्याच दिवसांत त्याने तिथे व्हायोलिनवाल्यांच्या चौकडीसाठी रचना लिहिली, ती अजून जगभर वाजवतात. तो राहिला त्याच घरात खाली आता लाकडी घड्याळांचं म्युझियम आहे. बिली आडनावाचे दोन भाऊ, उन्हाळ्यात शेती आणि हिवाळ्यात घड्याळं कोरायची, माणसापेक्षा उंच, कोरीव मूर्ती, तास झाला की त्या फिरतात. आयुष्यात एकही विकलं नाही आणि शेवटी गावाला देऊन टाकली, अट एवढीच की विकायची नाहीत. आपल्याकडे मूर्ती कोरणारे, घुमट वाद्य मढवणारे कितीतरी हात आहेत, त्यांचं काम असं एका घरात जपून ठेवलेलं बघितलं की आपलं गाव आठवतं. स्पिलव्हिलहून थोडं पुढे फेस्टिनाजवळ एक कपेल (छोटं चर्च) आहे, आत आठच माणसं बसतील एवढं, रस्त्यावरच्या आपल्या घुमटीसारखं. बायकोला घेऊन जा, आवडेल.

म्हापसेकर

मला वेगळं वाटतं. वरचं सगळं छान आहे पण तुमची बायको म्हणते त्याला वजन द्या, साठीनंतर एवढा प्रवास पुन्हा होतोच असं नाही. न्यूयॉर्क-नायगारा विसरा, ते लांब आहे आणि पुन्हा विमानं, पण शिकागोहून डेकोरा गाडीने पाचेक तास आहे, तर येताना किंवा जाताना तिथे दोन दिवस थांबा. तिथलं मिशिगन तळं समुद्रासारखं आहे, पलीकडचा काठ दिसत नाही. लेक सोबत असेल तर काहीच अवघड नाही. बाकी दिवस डेकोरा. टूरवाल्याच्या बसमधून आठ दिवसांत सहा शहरं मी केलीत, आठवतो तो फक्त बसचा पडदा, ते करू नका.

वाळपईवाला

देव बरें करूं सगळ्यांचं. बायकोला तिन्ही उत्तरं वाचून दाखवली, पेट्यांचं वाचून ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली तिथे जायचंच. शिकागोचे दोन दिवस तिला पसंत आहेत, मलाही. तांदूळ काढून ठेवले. आता बियाण्यांचं सांगा कोणीतरी, मूठभर आळसांदे आणि भेंड्याचं बी, आजीच्या वेळेपासून आमच्याकडे राखलेलं आहे, दुकानचं नाही. त्याला पण हरकत असते का?

शेतकीतला निवृत्त

आहे हरकत. प्रत्येक बीला कागद लागतात, इथल्या वनस्पती संगरोध कार्यालयाचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट किंवा तिथला परवाना, खिशातून न्यायचं नाही. आणि हे नियम त्रास द्यायला केलेले नाहीत, बियांबरोबर रोग आणि कीड जाते, आपल्याकडे पपईवर आलेला पिठ्या ढेकूण बाहेरूनच आला होता आणि त्याने किती बागा घालवल्या ते मी डोळ्यांनी बघितलंय. येताना तिकडून बी आणायलाही तोच कायदा आहे.

पण तुमचा प्रश्न वाचून मी लिहायला बसलो त्याचं कारण दुसरं आहे. तुम्ही ज्या गावाला जाताय त्याच गावाच्या उत्तरेला सहा मैलांवर सीड सेव्हर्स एक्सचेंजचं हेरिटेज फार्म आहे, ८९० एकर, आणि इथे अजून कोणी त्याचं नाव कसं काढलं नाही याचं मला नवल वाटलं. १९७५ मध्ये एका नवरा-बायकोने ते सुरू केलं. त्या बाईच्या आजोबांनी तिला दोन बियाणी दिली होती, एक जांभळ्या फुलांच्या वेलाचं आणि एक टोमॅटोचं, त्यांच्या घरच्यांनी जर्मनीतल्या बव्हेरियाहून येताना आणलेलं. आजोबा गेले आणि तिच्या लक्षात आलं की हे बी आता आपल्याकडे नसतं तर संपलंच असतं. तिथून लोकांना पत्रं लिहून सुरुवात झाली, तुमच्याकडे घरचं राखलेलं काय आहे, आणि आज तिथे वीस हजारांहून जास्त वाणं सांभाळलेली आहेत. शीतगृहात ठेवून भागत नाही, बी म्हातारं होतं, म्हणून दर वर्षी थोडी थोडी वाणं पेरून ताजं बी काढावं लागतं, शेजारच्या वाणाचा पराग लागू नये म्हणून जाळीच्या तंबूत वाढवतात. एक प्रत नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटावरच्या बर्फातल्या कोठारात ठेवतात, म्हणजे नॉर्वेहून आलेल्यांच्या गावातलं बी परत नॉर्वेला. जुन्या सफरचंदांची बाग आहे, पांढऱ्या अंगाची काळ्या कानांची जुनी गुरं आहेत. तुम्ही असाल तेव्हा लावणीचे दिवस असतील. लेकीला भेंडे आणि चवळीवर्गातलं बी तिथेच विकत मिळेल, दोन्ही पिकं अमेरिकेत आफ्रिकन लोकांबरोबर गेलेली आहेत, तिला सांगा तेच लाव. तुमचे आळसांदे घरी राखा, शेजाऱ्यालाही द्या, एका घरात असलेलं बी एका वाईट पावसात जातं.

आता दुसरी गोष्ट. डेकोराहून पश्चिमेला अर्ध्या तासावर क्रेस्को. त्याच्या जवळच्या शेतावर १९१४ साली नॉर्मन बोरलॉग जन्मले, तेही नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांच्या घरात. मेक्सिकोत त्यांनी बुटका, तांबेरा न लागणारा गहू तयार केला आणि १९६६ मध्ये आपल्या सरकारने त्याचं १८,००० टन बी आणलं, दुष्काळाच्या त्या वर्षांत. १९७० मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. त्यांचं लहानपणचं घर आणि एका खोलीची शाळा सांभाळून ठेवलीय, आधी विचारून जावं लागतं.

मी खात्यात ३१ वर्षं काढली. जया आणि ज्योती भाताचं बी मीच गावागावात वाटलं, आणि ते वाटलं याचं मला आजही समाधान आहे कारण ज्या घरात वर्षाला सहा महिने पुरेल एवढंच पिकत होतं तिथे वर्षभराचं झालं. पण खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, कोरगूट भात होतं, खारं पाणी सोसणारं, उंच, पीक कमी देणारं, आणि लोक ते सोडायला लागले तेव्हा मी कोणाला थांबवलं नाही. तेव्हा मला कळलं नव्हतं. बांद फुटून समुद्राचं पाणी शेतात शिरलं की नवी वाणं जळून जातात आणि कोरगूट उभं राहतं. पुढे जुन्या गोव्याच्या संशोधन केंद्राने त्याच कोरगुटातून निवडून गोवा धान १ आणि २ काढली, ती काढता आली कारण काही बायकांनी घरात घागरीत कोरगुटाचं बी राखलं होतं. तर बोरलॉगचं शेत आणि ते बियाण्यांचं शेत, दोन्ही एका दिवसात होतात, मला स्वतःला जायला मिळालं नाही. तुम्ही जा, दोन्हीकडे जा, आणि एकाच दिवशी जा अशी माझी विनंती आहे, आणि परत आलात की इथे लिहा काय बघितलं ते.

वाळपईवाला

साहेब, वाचून काय लिहू कळेना. आमच्या कुळागराखालच्या मळ्यात जया आलं तेव्हा मी दहावीत होतो, वडील ते पोतं खांद्यावरून घेऊन आले होते. कदाचित तुम्हीच दिलं असेल. लेकीला आत्ताच फोन लावला, तिथे सकाळ होती, ती म्हणते त्या शेतावरून ती दर आठवड्याला जाते पण आत कधी गेली नाही. आता आम्ही येईपर्यंत थांबणार आहे. बोरलॉगच्या घरासाठी ती विचारून ठेवेल. सगळं बघून येतो आणि लिहितो.

आळसांद्यांचं बी आज बायकोने चार बाटल्यांत भरलं, राखेत घालून. एक बाटली तुमच्यासाठी. पणजीला येतो तेव्हा कुठे आणून देऊ सांगा.

फोंड्याचा दादा

जायच्या आधी एक राहिलं. गवतातून चाललात की संध्याकाळी पाय, गुडघ्यामागे, कंबर नीट तपासा, तिथे गोचिडीपासून लाइम नावाचा आजार होतो. सत्तरीत माकडतापामुळे तुम्हाला गोचिडीचं सांगायला नको, पण तिथली फार बारीक असते, तिळाएवढी. आणि वाटेच्या कडेला पिवळ्या छत्र्यांसारखी फुलं असलेलं झुडूप दिसेल, रानटी पार्सनिप, त्याला हात लावू नका, रस लागून ऊन पडलं की बिब्ब्यासारखे फोड येतात. संध्याकाळी गाडीत असाल तर लेकीला हळू चालवायला सांगा, हरणं एकदम रस्त्यावर येतात, एक गेलं की मागून दुसरं असतंच. अंधार पडल्यावर मात्र जूनमध्ये शेतांवर काजवे बघायला थांबा.

शेतकीतला निवृत्त

बाटली रायबंदरला आणा, घराचा पत्ता निरोपात पाठवतो. गच्चीवर वेल चढवायला जागा आहे.